घाटातली मेंढरं आणि साहेबांची पट्टी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं, ऱ्हस्व-दीर्घ तर चुकणारच. कुणाच्या हाती ही वही लागली तर रागावू नका. साहेबांना जाऊन वर्ष होईल. त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला चैन पडेना.

मनगटावरच्या घड्याळावर टिचकी मारून ते विचारायचे, "आता कुठं? पुढं कुठं? किती वाजता?" पिशवी घेऊन निघालेल्या आपल्या बायकोला, आमच्या काकूंनासुद्धा. काकू म्हणायच्या, "आवं, वडूजच्या बाजारात चाललेय, दुबईला न्हाई!"

मी त्यांच्याकडे भाकरी करायला जायचे. साहेबांची सगळी नोकरी मुंबईच्या विमानतळावर, विमानांना वाट दाखवण्यात गेली. एकदा धीर करून मी विचारलं, "समुद्रावरचं इमान तुमास्नी दिसायचं का?"

"न्हाई, पोरी. रडार तितकं लांब पोचत न्हाई. वैमानिक ठरल्या ठिकाणी आला की रेडिओवर सांगायचा, इथं हाय, इतकं वाजलं, एवढ्या उंचीवर, पुढच्या ठिकाणी अमक्या वेळेला. आमी कागदाच्या पट्टीवर लिहायचो आन त्यावरनं दोन विमानांत अंतर ठेवायचो. वेळ टळली की आमीच हाका मारायचो."

"न बगता?"

"न बगता!" असे हसले, की तुम्हीही हसला असता.

दिवाळीनंतर आमचे मालक आणि दीर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. साहेबांनी त्यांनाही तेच शिकवलं. रेंज मिळेल तिथून ते कळवायचे आणि साहेब भिंतीवर पट्टी लावायचे.

एका वर्षी असाच सकाळी साडेसातला घाटमाथ्यावरून फोन आला, "उतरतोय. मुक्काम खालच्या गावात." पुढं घाटात रेंज नाही. आणि दुपारी एकला बातमी आली, खालच्या गावात मेंढरांना देवी आल्यात, पटापट मरतायत.

घाटाजवळ साहेबांचा एक मित्र होता, मोटरसायकलवाला. मेंढरं एका वळणावर डांबरी सोडून पाऊलवाटेला लागतात, तिथं गाडी जात नाही. त्याआधी गाठली तर वाचली, नाहीतर थेट गावातच. साहेबांनी हिशोब मांडला. "वळण मागं पडलं असंल. त्याला लांबच्या रस्त्यानं गावाच्या वेशीवरच धाडतो."

 माझ्या तोंडातून निघालंच, "न्हाई, साहेब. परवाच दोन मेंढ्या व्याल्यात. ऊन चढलं की कोकरांपायी समदी झऱ्याला बसत्यात, ऊन कलल्याबिगर उठत न्हाईत. वळणाच्या अलीकडंच हायती."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पट्टीवरची वेळ खोडली आणि मित्राला फोन लावला, "वळणावर जा. झऱ्यापाशी."

दीड तास गेला. मग मित्राच्या फोनवरून मालकांचाच आवाज आला. मेंढरं दिरावर सोपवून, मोटरसायकलवर मागं बसून ते माथ्यावर आले होते.

"साहेब, समदी वाचली! माघारी वळवतो. पर आमी झऱ्यावर हाय हे तुमी कसं वळखलं?"

"मी कुठं वळखलं? मी तर तुमास्नी कवाच वळणापल्याड धाडलं हुतं. तुझ्या बायकोनं सांगितलं."

 मग मालक म्हणाले, "व्हय? आमची? ती तर बोलतच न्हाई!"

काकू खो खो हसल्या. साहेब उठले, पट्टीसमोरची आपली खुर्ची पुढं ओढली आणि मला म्हणाले, "बस." किती आग्रह केला तरी एरवी मी उंबऱ्यापाशीच बसायचे. त्या दिवशी खुर्चीवर बसले, चांगली टेकून.