चौथ्या नंबरवर आलेला आमचा पिचर

मागच्या शनिवारी शॉमबर्गमध्ये वैद्य भाऊजींच्या बेसमेंटमध्ये चार वह्यांचा निकाल लागला. आमची वही शेवटची आली... आमची म्हणजे ह्यांची.

ह्यांना आणि वैद्य भाऊजी धरून ह्यांच्या तीन मित्रांना बेसबॉलचं वेड. बारा वर्षांपूर्वी चौघांनी चार रिलीफ पिचर वाटून घेतले. रिलीफ पिचर म्हणजे मॅच अर्ध्यावर आल्यावर येऊन थोडा वेळ बॉल टाकणारा. आपल्या माणसाची प्रत्येक मॅच ज्याने त्याने वहीत लिहायची, नेटवर बघायचं नाही. चारही पिचर रिटायर झाले की आकडे समोरासमोर ठेवायचे... नऊ इनिंगमागे ज्याने सगळ्यात कमी रन दिले तो पहिला. ज्याचा पिचर शेवटचा, त्याने सगळ्यांना मिसळ करून घालायची.

हे गेले तेव्हा बाकी तिघांचे पिचर थांबले होते, आमचा खेळत होता. वही टेबलावर होती, पेन आतच... मी पुढचं पान लिहायला घेतलं. लायब्ररीतून पुस्तकं आणून खेळ शिकले आणि दोन सीझन लिहिले. संध्याकाळी घरात बोलणारं कोणी नसतं, कॉमेंटेटर बोलतो. तेवढाच वेळ जातो.

आमचा पिचरही रिटायर झाला, तेव्हा मी बारा वर्षांची बेरीज केली. तीनदा केली, उत्तर तेच आलं.

भाऊजींकडे मी आकडा वाचून दाखवला. "वहिनी, मिसळ तुमच्याकडे!" एक मित्र बोलून गेले. मी म्हटलं, करते की. पण आत कुठेतरी लागलं... ज्या माणसावर ह्यांनी इतकी वर्षं भरवसा ठेवला, तो सगळ्यात मागे होता हे मीच माझ्या हाताने सिद्ध करून बसले होते.

वैद्य भाऊजी वही चाळत होते. "वहिनी, इनिंगच्या आकड्यापुढचं हे पॉइंट दोन तुम्ही कसं धरलंत?"

"दोन बॉल. ओव्हर अशाच लिहितात ना..."

माहेरी नागपूरला भावाच्या क्लबचं स्कोअरिंग मी करायची. सहा बॉल झाले की एक ओव्हर. त्याच सवयीने मी इथे सहाला एक इनिंग धरत गेले होते.

भाऊजींनी चष्मा काढला. "अहो, ते बॉल नाहीत, आउट आहेत. तीन आउटला एक इनिंग! बिचाऱ्याची निम्मी मेहनत तुम्ही गिळलीत."

तीन आउटला इनिंग संपते हे मला पुस्तकातून माहीत होतं. वहीत पॉइंट तीन, चार, पाच एकदाही आलं नव्हतं, तेही खटकायला हवं होतं... पण हाताला लागलेलं वळण.

कॅल्क्युलेटर घेऊन सगळे बसले. तासभर लागला. इनिंग वाढल्या तसा आकडा खाली आला आणि आमचा पिचर दुसरा निघाला. वैद्य भाऊजींचा चौथ्या नंबरवर गेला.

"बघितलंत? मी तोंड बंद ठेवलं असतं तर आयती मिसळ मिळाली असती," भाऊजी म्हणाले. मग सगळे हसले. मीही हसले. हे असते तर दुसऱ्या नंबरवरूनही भांडले असते.

निघताना भाऊजी गाडीपर्यंत सोडायला आले. बाहेर बर्फ होता, त्यांनी काच पुसून दिली. म्हणाले, "त्याचा पिचर शेवटचा येणं शक्यच नव्हतं हो. म्हणून तर वही उघडली."

ह्यांच्यासमोर मात्र ते कायम उलटच बोलत आले होते. मी "हो" म्हटलं आणि गाडी सुरू केली.

हे वाक्य ह्यांनी ऐकायला हवं होतं... पण निदान मी ऐकलं. भाऊजी, तुमचे आभार तिथे मानायचे राहिले, ते इथे मानते.