हिरवं सोडलेल्या सुना

मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला आमच्या शेजारी कोंडाजीचं घर. त्या घरातल्या बायका तोंडाच्या फोडानं मरत. एक गेली की दहाव्याला घाटावर कावळे जमत, पण पिंडाला एकही शिवत नसे. मग घरची सून देवीला हात जोडून म्हणे, "आई, मी जल्मभर हिरवं सोडलं, पालेभाजी खानार न्हाई. रोग आवर." की लगेच कावळा शिवे.

कोंडाजीची बायको रंभाबाई हे बोलली तेव्हा नवी नवरी होती. कुर्डूच्या भाजीवर तिचा भारी जीव. पुढं सारा जन्म ती रानातली कोवळी कुर्डू खुडून आम्हाला द्यायची आणि स्वतः भाकरी-चटणी खायची. मिश्री मात्र दिवसातून चारदा दातांना घासायची. देवीला भाजी वाहिली, तंबाखू नाही. या अकलेचा मला अजून संताप येतो.

बासष्ट साली तिच्या गालात फोड आला. पौडचे डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर आहे. मिश्रीनं होतो. पालेभाजीत, आवळ्यात रोगाला अडवणारं काहीतरी असावं असं वाटतं, पण खात्री नाही. तंबाखूची आहे."

रंभाबाईला स्वतःची आशा उरली नव्हती. भीती होती ती सुनेची, गोजराची. तोंड जेमतेम उघडत होतं, तरी तिनं बजावलं, "माज्या दहाव्याला काय बी सोडू नगं. कावळा न्हाई शिवला तरी."

श्रावणात ती गेली. दहाव्याला मी घाटावर होतो. तिच्या आवडीची म्हणून पिंडाशेजारी मिश्री ठेवली होती. उंबरावर कावळे दाटीनं बसले होते, पण एकही ओरडेना, हलेना. दुपार कलली. कोंडाजी म्हणाला, "पोरी, बोल. न्हाईतर ती घरातच ऱ्हाईल."

गोजरा उठली, बांधावरची कुर्डू मूठभर खुडून आणली, मिश्री बाजूला सारली आणि पिंडावर चार पानं ठेवली.

एक कावळा उतरला. भाताला त्यानं चोच लावली नाही. पान उचललं आणि गेला. मागोमाग दुसरा.

"आत्याबाईला भूक हुती," गोजरा म्हणाली, आणि मुठीत उरलेला कच्चा पाला तिनं सगळ्यांदेखत चावून गिळला.