गाभाऱ्यातली पहाट

धुपाच्या निखाऱ्यावर राळ पडली की मला बुधवार पेठेतला तो रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ आठवतो. तारांना डाख देताना तोही राळच वापरी. काकडआरतीला बटण दाबताच गाभाऱ्यात लख्ख उजेड पडे, ते त्याला खुपे. "देव दचकत असेल, गुरुजी. सकाळ अशी एकदम होते का?" म्हणून त्याने दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारी, थायरिस्टर बसवलेली एक डबी स्वहस्ते तयार केली, आणि एका पहाटे तिची खुंटी फिरवताच मूर्तीच्या मुखावर खरोखर हळूहळू उजाडत गेले. परंतु मी पुरुषसूक्त आरंभताच ध्वनिक्षेपक घरघरू लागला. "देवासाठी पहाट आणलीस की भुंगा?" मी सर्वांदेखत म्हणालो. लोक हसले, तो हसला नाही. "वीज तुकड्या-तुकड्याने सोडतं ना ते, म्हणून आवाज येतो. तारेचं एक वेटोळं टाकलं की बंद. उद्यापर्यंत राहू द्या, गुरुजी." तो एक दिवस मी दिला नाही. डबी तत्क्षणी काढवली. ती रुमालात गुंडाळून तो गेला, आणि पुन्हा देवळाची पायरी चढला नाही. आजही पहाटे बटण मीच दाबतो. दाबण्यापूर्वी मात्र हळू आवाजात सांगतो, देवा, उजेड करतो आहे.