रिकामा रकाना

कागद परत करताना ताई आधी काही बोलत नसत. चष्मा कपाळावर चढवायचा, केसपेपर टेबलावरून एका बोटानं समोरच्या डॉक्टरकडे सरकवायचा, आणि मग शांतपणे म्हणायचं, "साहेब, रकाना खाली हाये."

अमरावतीतल्या आमच्या दवाखान्यात त्या रेकॉर्ड रूम सांभाळायच्या. प्रत्येक आजाराला ठरलेलंच नाव आणि ठरलेलाच कोड लिहायचा, असा नियम आला तेव्हा आम्ही डॉक्टर मंडळी कुरकुरलो. ताईंनी मात्र त्या जाडजूड कोडबुकाला खाकी कव्हर घातलं आणि महिनाभरात अर्धं पाठ केलं. स्वतःचा गुडघा दुखला तरी कोड सांगायच्या. आम्ही हसायचो, त्याही हसायच्या. कागद मात्र परत यायचाच.

तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेल. आपण त्यांना किचकट म्हणतो. मीही म्हणायचो.

एकदा शेंदूरजनाघाटच्या एका बाईंच्या डिस्चार्ज कार्डावर मी लिहिलं, 'इंजेक्शनचा त्रास होतो.' कार्ड तीनदा परत आलं. तिसऱ्यांदा मी चिडलो. "ताई, मला समजतंय ना?"

"तुमाले समजते हो. दुसऱ्या डाक्टरले कसं समजन? कोन्तं इंजेक्शन, काय त्रास?"

मी रागारागानं 'पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी' असं लिहिलं आणि कोड टाकला.

दोन महिन्यांनी त्या बाई अकोल्याला लेकीकडे असताना तापानं बेशुद्ध झाल्या. लेकीला औषधाचं नाव ठाऊक नव्हतं, पण पिशवीत ते कार्ड होतं. तिथल्या डॉक्टरांनी मला फोन केला. "पेनिसिलिनच देणार होतो. कार्ड पाहिलं म्हणून थांबलो."

मी तडक रेकॉर्ड रूममध्ये गेलो. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. "बाई बरी हाये ना आता?" एवढंच विचारलं, पदरानं डोळे टिपले आणि माझाच एक अर्धवट कागद पुढे सरकवला.

निवृत्तीनंतर गेल्या वर्षी त्यांना आमच्याच वॉर्डात आणलं. पक्षाघातानं वाचा गेली होती, उजवा हात लुळा पडला होता. त्यांचा केसपेपर लिहिताना मला भरून आलं. डोळे पुसायला तो क्षणभर त्यांच्या पांघरुणावर ठेवला, तर त्यांनी डाव्या हाताच्या एका बोटानं तो माझ्याकडे सरकवला.

कोडचा रकाना रिकामा होता. मी भरला, त्यांच्यासमोर धरला. त्यांनी मान डोलावली.

चार दिवसांनी त्या गेल्या.

आता सगळं संगणकावर आहे. रकाना रिकामा असला की संगणक पुढे जाऊ देत नाही. मी कोड भरतो, आणि समोर कुणी मान डोलावेल म्हणून उगाच थोडा थांबतो.