मंदसौरचं बोंड आणि माझ्या चष्म्याची डबी

"साहेब, एकदा आमच्या गावाला चला. तुमच्या ड्रमचा जोडीदार दाखवतो," असं आमचा सुपरवायझर दिनेश पाटीदार दर थंडीत म्हणायचा. यंदा मी हो म्हणालो, तर युनिट सांभाळायला दिनेशच मागे राहिला. बायको, मंगल, म्हणाली, "चला, निदान तिथे तरी ड्रम दिसणार नाहीत."

शिरवण्याजवळच्या एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. मी सुरुवात ड्रम धुण्यापासून केली. आता ड्रम दुसरे धुतात, मी फक्त ओरडतो. आम्ही एक रसायन वापरतो. नाव लिहीत नाही, जीभ अडकते. औषधांना, सुगंधांना ते लागतं. पण अफूपासून हेरॉइन बनवणाऱ्यांचाही त्यावर डोळा असतो. म्हणून थेंबाथेंबाचा हिशेब सरकारला द्यायचा. आणि दिनेशचा भाऊ रामेश्वर मंदसौरजवळ सरकारी पट्ट्यावर, म्हणजे परवान्यावर, अफू पिकवतो. म्हणजे ड्रमचा जोडीदार तो.

कोपरखैरण्याहून पहाटे निघालो. भिवंडीचं टेन्शन नको असेल तर उजाडायच्या आत ती मागे टाका. नाशिक, धुळे, सेंधवा, इंदूर: रस्ता झकास, फक्त सेंधव्याआधीच्या घाटात ट्रकांमागे गुमान बसायचं. इंदूरला मुक्काम करा. बायपासवर दोन हजारांत स्वच्छ खोली मिळते. सकाळी पोहे-जिलबी खाल्ल्याशिवाय हलू नका.

वाटेत मी मंगलला कायद्यांचा इतिहास सांगितला. आपल्यावर काय काय लागू आहे ते मी वकिलाच्या फीमधून पुरेपूर वसूल केलंय. अठराशे सत्तावन्नचा अफूचा कायदा अफू थांबवायला नव्हताच. पिकवायची ती परवान्याने आणि विकायची ती सरकारलाच, एवढाच त्याचा अर्थ. माळवा संस्थानिकांचा, तिथे हा कायदा चालेना, म्हणून इंग्रजांनी तिथल्या अफूवर मुंबईला येताना कर लावला आणि मग ती खुशाल चीनला जाऊ दिली. एकोणीसशे तीसच्या कायद्याने अफूपासून पुढची द्रव्यं बनवण्यावर लगाम आला. पंच्याऐंशीला सगळं एका कडक कायद्यात बांधलं, आणि त्र्याण्णवला माझं रसायन त्यात सापडलं. "म्हणजे मंगल, ही अफू ज्या वाटेने आपल्याकडे यायची, त्याच वाटेने आपण…" बघतो तर मंगल एकोणीसशे तीसच्या आसपासच झोपली होती.

रामेश्वरचं शेत म्हणजे जाळीखाली झाकलेली हिरवी बोंडं. तिकडे बोंडाला डोडा म्हणतात. जाळी पोपटांसाठी, त्यांनाही चटक लागते. दुपारी बायका बोंडांना चिरा देतात, सकाळी वर आलेला चीक खरवडून घेतात. चीक ठरल्यापेक्षा कमी भरला की पट्टा जातो. रामेश्वरचा एकदा गेला होता, गारपिटीत. "पट्टा गेला तेव्हा मुलाची सोयरीक मोडली, भाईसाब," तो म्हणाला. "लोक जमीन विचारत नाहीत, पट्टा विचारतात." परत मिळायला वर्षं गेली. आता पट्टाही आहे आणि सोयरीकही नव्याने जुळली आहे.

मी त्यालाही इतिहास ऐकवला. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "तुमचा ड्रम आणि माझं शेत एका जागी आले तर आपण दोघंही आत." आम्ही खूप हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहा सांगायला वळला आणि मी एक खरवडलेलं बोंड देठासकट मोडून चष्म्याच्या डबीत टाकलं. ऑफिसच्या शोकेसमध्ये लायसन्सशेजारी शोभेल, असा विचार. आयुष्यभर ड्रम मोजलेल्या माणसाचा विचार.

निघताना रामेश्वरच्या आईने, माजींनी, मंगलला स्वयंपाकघरात बराच वेळ थांबवून घेतलं. शेव आणि लसूण बांधून दिला. बाजारातून आम्ही खसखस घेतली; तुम्ही गेलात तर तुम्हीही घ्या, पण पक्कं बिल घेऊन.

राज्याच्या हद्दीजवळ नाका लागला. हवालदाराने काचेवरचं माझ्या कंपनीचं स्टिकर वाचलं. "केमिकल? और आ कहाँ से रहे हो?"

"मंदसौर," मी म्हणालो, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ड्रमवाला मी, डबीत रामेश्वरचं बोंड. एका जागी. शेत कुणाचं, हे माझ्या तोंडून निघायला दोन मिनिटं पुरली असती. लायसन्स माझं, पट्टा त्याचा, सोयरीक त्याच्या पोराची.

खसखशीचं बिल बघून झालं. मग त्याने डॅशबोर्डवरची डबी उचलली, हलवली. आत काहीतरी खुळखुळलं. त्याने उघडली.

"लहसुन?" तो म्हणाला. "चश्मे की डिब्बी में?"

"इनको गॅस होता है, भैया," मंगल म्हणाली.

नाका मागे पडला. मग ती म्हणाली, "माजींना मोडलेला देठ दिसला होता. म्हणाल्या, पाहुणे आहेत, बोलू नका, फक्त डबी आणा. रिकामी डबी तुम्हाला हाताला हलकी लागली असती, म्हणून गड्डा ठेवला."

"मला सांगायचं ना."

"सांगणारच होते. पण परतताना तुमचा त्र्याण्णव सालचा कायदा संपेना."

घरी येऊन महिना झाला. शोकेसमध्ये लायसन्सशेजारी तो लसणाचा गड्डा आहे. लोक विचारतात, मी गॅसचंच कारण देतो. हा कायदा मला लोकांपेक्षा जास्त कळतो, अशी माझी फार दिवस समजूत होती. आता इतिहास सांगायला लागलो की मंगल नुसती शोकेसकडे बघते आणि मी चहा मागवतो.

परवा रामेश्वरचा फोन आला. सरकारी वजन झालं, चीक पुरेपूर भरला, पट्टा टिकला. मी चाचरत विचारलं, "आणि बोंडं? सगळी नीट होती ना?"

"सब थे, भाईसाब," तो म्हणाला. "एक डोडा घूमने निकला था. माँ ने वापस बुला लिया."