पिपची लगाम

वारंबीच्या माळावर नेरिडा ब्रॉडीला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. वीस वर्षं तिनं गावोगावच्या शर्यतीत घोडे पळवले होते. धुळीच्या मैदानांवर, पत्र्याच्या शेडपुढं, मिळेल त्या जनावरावर ती बसायची. नाक दोनदा मोडलं, घोटा एकदा. दर वेळी ती लंगडत का होईना परत यायची आणि म्हणायची, "अजून हाडं शिल्लक आहेत."

त्या साली तिच्या हाती पिप नावाची घोडी होती. केव्ह स्टॅपल्टनच्या पागेतली ही तांबडी घोडी चावायची, लाथा झाडायची, आणि शर्यत सुटते त्या गेटमध्ये उभं केलं की वेड्यासारखी अंग आपटायची. केव्ह तिला विकायलाच निघाला होता. "एक हिवाळा दे मला," नेरिडा म्हणाली. रोज पहाटे ती पिपला रिकाम्या गेटमध्ये घेऊन नुसती उभी राहायची. होता होता तिला कळलं, की डावी लगाम सैल सोडली आणि मानेशी वाकून हळू गुणगुणलं की घोडी शांत होते. वसंतापर्यंत पिप तीन शर्यती जिंकली आणि वारंबी कप या सालच्या सगळ्यात मोठ्या शर्यतीसाठी तिचंच नाव सगळे घेऊ लागले.

कपच्या आधी नेरिडा पडली, तीही पिपवरून नाही. एका फालतू शर्यतीत पुढचा घोडा अडखळला, तिचा घोडा त्याच्यावर गेला आणि ती डाव्या खांद्यावर आपटली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज तिनं स्वतःच्या कानांनी ऐकला. गळ्याखालून खांद्याकडे जाणारं हासळीचं हाड दोन ठिकाणी तुटलं होतं. डॉक्टरांनी धातूची पट्टी स्क्रूंनी बसवली आणि हात झोळीत अडकवला.

केव्ह दवाखान्यात आला, टोपी हातात धरून. "पिपवर दुसरं कुणी बसणार नाही," तो म्हणाला. "तू फक्त बरी हो."

घरी तिला सांभाळायला जोलीन पाइक आली. जोलीन तिच्याहून दहा वर्षांनी लहान, तीही जॉकी. तिला पहिल्यांदा खोगिरावर बसवलं होतं ते नेरिडानंच. आता जोलीन तिची वेणी घालायची, शर्टाची बटणं लावायची, भाजलेलं मटण कापून ताटात द्यायची.

"बाई गं, लहान पोर परवडलं," जोलीन चिडवायची. "ते निदान शिव्या तरी देत नाही."

"हात सुटू दे, मग नुसत्या शिव्यांवर भागणार नाही."

झोळी सुटल्यावर खरी मेहनत सुरू झाली. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा. कुंपणाच्या खांबाला लगाम बांधून ओढत राहायचं. आडव्या पिंपावर खोगीर टाकून, वाकून, गुडघे थरथरेपर्यंत बसायचं. जोलीन शेजारी उभी राहून ओरडायची, "पाठ खाली! अजून खाली!" आणि विश्रांतीला दोघी पायरीवर चहा घेऊन बसल्या की पिपच्याच गोष्टी निघायच्या. ती गेटमध्ये बिथरली की काय करायचं, वळणावर तिला कधी सोडायचं, सगळं नेरिडानं मोकळ्या मनानं सांगितलं.

डॉक्टरांनी घोड्यावर बसायची परवानगी दिली. पण चाबूक डाव्या हातात घेताना अजून सणक जायची, एवढी की बोटं उघडायची. हे तिनं फक्त जोलीनला सांगितलं.

"कपपर्यंत जाईल ते. कुणाजवळ बोलू नकोस."

"वेडी आहेस का? कोणाला सांगणार मी?"

पुढच्या आठवड्यात ती पाव आणायला बेकरीत गेली. बेकरीवाली शर्ली नेहमीसारखी थट्टा करायची सोडून नुसती तिच्याकडे बघत राहिली. "वाईट वाटलं गं," ती म्हणाली. "आत्ताच रेडिओवर कपचे जॉकी सांगितले. पिपवर जोलीन आहे."

पाव तिथंच टाकून नेरिडा पागेत गेली. केव्ह घोड्याचा खूर मांडीवर घेऊन साफ करत होता. त्यानं मान वर केली नाही.

"हाताला सणक येते हे मला दुसऱ्याकडून कळावं?" तो म्हणाला. "लगाम सुटली असती म्हणजे? तू मेली असतीस, बरोबर आणखी दोघं."

"जोलीननं सांगितलं?"

"सांगितलं, आणि बरं केलं."

"आणि माझ्या जागी बसायचं कोणी सुचवलं?"

केव्ह खूर खरवडत राहिला. तो म्हणाला, "तिला घोडी माहीत आहे असं म्हणाली. गेटमध्ये नेऊन दाखवलं तिनं. शांत उभी होती पिप."

नेरिडाला वाटलं, हाड मोडतानाचा तो आवाज पुन्हा झाला.

घरी जोलीन नेरिडाच्याच स्वयंपाकघरात चहा करत होती. नेरिडाला बघताच ती बोलायला लागली. "मी तुझ्या जिवासाठी बोलले. शपथ घेऊन सांगते."

"जिवासाठी बोलायचं होतं तर मला बोलायचंस."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. मग केव्हला सांगून गप्प बसायचंस. पिपवर दुसरं कोणीही बसलं असतं तर मी उपकार मानून तुझे पाय धरले असते." तिचा आवाज चिरकला. "तू का बसलीस?"

जोलीन रडायला लागली. "मला कधीच चांगला घोडा मिळाला नाही, नेरिडा."

"घराची किल्ली टेबलावर ठेव आणि जा."

जोलीन खोटं बोलली नव्हती. हात खरंच तयार नव्हता. नेरिडाला तेच जास्त सलायचं, कारण धड शिव्याही देता येईनात.

कपच्या दिवशी ती कठड्याशी उभी राहिली. पिप गेटमध्ये मेंढरासारखी शांत होती. वळणावर जिथं सोडायचं तिथंच जोलीननं तिला सोडलं आणि घोडी सरळ जिंकून गेली. परत येताना ती नेरिडाच्या अगदी जवळून गेली. तिनं कानसुद्धा हलवला नाही. तिच्या लेखी सैल लगाम ती सैल लगाम, हात कुणाचाही असो.

नेरिडानं केव्हची पागा सोडली. शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या ट्रेनरकडे ती शरदात पुन्हा घोड्यावर बसली, सणक पूर्ण गेल्यावरच. पहिल्या शर्यतीत समोर घोड्यांची गर्दी झाली तशी तिनं घाबरून घोडा मागं खेचला. ती शेवटून दुसरी आली. हळूहळू भीती निवली आणि एका पावसाळी दुपारी ती जिंकलीही.

मग एका शर्यतीत शेवटच्या वळणावर ती कठड्याच्या बाजूनं पुढं होती. मागून ओळखीचा आवाज आला, "जागा! नेरिडा, जागा दे!" जोलीनचा घोडा कठडा आणि नेरिडाचा घोडा यांच्यामध्ये चेपला जात होता. क्षणभर नेरिडानं काहीच केलं नाही. तो क्षण तिला पुढं पुष्कळदा आठवला. मग तिनं उजवी लगाम ओढली, जोलीन आतून निसटली आणि जिंकली. नेरिडा तिसरी आली.

शर्यतीनंतर जॉकींचं वजन करतात त्या खोलीबाहेर जोलीन चिखलानं भरलेल्या तोंडानं तिच्याकडे आली. "उपकार झाले. मला वाटलं, तू..."

"घोड्याला दिली जागा," नेरिडा म्हणाली, "तुला नाही." आणि खोगीर काखेत मारून ती पुढच्या शर्यतीच्या तयारीला गेली.