लाल ठिपके

मावशीच्या बागकामाच्या वेबसाइटवरचे दुवे धरून पानापानांवर फिरेल, असा एक क्रॉलर, म्हणजे छोटा प्रोग्राम, मी लिहिला. पान उघडलं की हिरवा ठिपका, नाही उघडलं तर लाल. पडद्यावर नकाशा पसरू लागला तशी मावशी खुर्ची ओढून शेजारी बसली. तिच्या मैत्रिणींच्या पानांचे ठिपके एकामागून एक लाल होत गेले. माणसं निघून जातात, त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटा मात्र आपल्या अंगणात तशाच राहतात.

"सुमनचं उघडलं का रे?"

"नाही, मावशी. ते पानच राहिलं नाही आता."

सुमनताई गेल्या वर्षी वारल्या, तेव्हा मावशी त्यांच्या उशाशीच होती.

"थांब जरा," ती म्हणाली, "तिला दाराशी यायला वेळ लागतो."

मी क्रॉलर पुन्हा त्याच दुव्यावर पाठवला.